पासकी बरी की पाठ केलेला पासवर्ड?

रावेरहून एक केळी उत्पादक विचारतात : माझा पासवर्ड १६ अक्षरांचा आहे, कुठेही लिहिलेला नाही. पासकीनं आणखी काय मिळणार?

भाऊ, पासवर्ड झकास आहे, पण तो कधीतरी टाइप करावा लागतोच ना? फळपीक विम्याच्या नावानं मेसेज आला, लिंकवर हुबेहूब गूगलसारखं पान उघडलं, तर १६ काय नि ६० काय, अक्षरं चोराच्या हाती आयती पडतात. पासकी म्हणजे पासवर्ड टाइप न करता, फोन उघडतो तसं बोट, चेहरा किंवा पिन वापरून लॉगिन करायची सोय. तिच्यात कुणाला सांगण्यासारखं गुपितच नसतं. तिच्यासाठी दोन डिजिटल किल्ल्यांची जोडी बनते. खाजगी किल्ली तुमच्याकडे, तिची जोडीदार सार्वजनिक किल्ली वेबसाइटकडे. दर लॉगिनला वेबसाइट नवा संकेत पाठवते आणि फोन त्यावर खाजगी किल्लीनं सही करतो. ही किल्ली वेबसाइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. नकली पान कितीही हुबेहूब असो, पत्ता वेगळा म्हटल्यावर फोन ती पुढे करतच नाही. उद्या वेबसाइटचा सर्व्हर फुटला, तरी सार्वजनिक किल्ली चोराच्या काही कामाची नाही.

भुसावळ : बोटाचा ठसा कंपनीकडे जातो का?

नाही. तो फोनमध्येच तपासला जातो.

धुळ्याच्या एक शिक्षिका : फोन हरवला तर सगळंच गेलं?

ताई, सहसा नाही. अँड्रॉइडवर गूगल पासवर्ड मॅनेजर आणि आयफोनवर आयक्लाउड कीचेन पासकी जपून ठेवतात, नव्या फोनवर ती परत आणता येते. त्यासाठी जुन्या फोनचा पिन लागू शकतो, तो विसरू नका. मला काळजी त्या पिनचीच वाटते. तो १२३४ असेल, किंवा घरातल्या सगळ्यांची बोटं फोनमध्ये नोंदवलेली असतील, तर पासकीही सगळ्यांचीच झाली. शिवाय पासकी केल्यावर जुना पासवर्ड बऱ्याच ठिकाणी चालूच राहतो. चोर त्याच दारानं येईल. म्हणून तो लांबलचक आणि त्या खात्यापुरताच ठेवा.

शहादा : ई-सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर ईमेल उघडायचा तर?

तिथं पासकी तयार करू नका बरं का! पडद्यावरचा क्यूआर कोड आपल्या फोननं स्कॅन करा. दोन्हीकडे ब्लूटूथ चालू हवं, कारण फोन खरंच जवळ आहे ना, हे त्यावरून ताडलं जातं. केंद्राच्या कॉम्प्युटरला ब्लूटूथ नसेल, तर ते काम घरी आपल्या फोनवरच उरका. आणि उठताना लॉगआउट करा. उघडं राहिलेलं खातं पासकी बंद करत नाही.