'देवी काढल्या' की 'देवी टोचल्या'?

प्रश्न असा आला आहे: आजीच्या आठवणींची वही टाइप करताना एक वाक्य अडलं, 'शाळेत देवी काढल्या तेव्हा माझा दंड चार दिवस सुजला होता.' देवी (स्मॉलपॉक्स) या आजाराची लस तर शरीरात घालतात, मग 'काढल्या' कसं? आजीची चूक समजून 'टोचल्या' करावं का?

करू नका. आजीचं वाक्य अगदी बरोबर आहे.

मराठीत 'निघणे' आणि 'काढणे' ही जोडी आहे. काटा निघाला, काटा काढला. पाणी निघालं, पाणी काढलं. आपोआप होणारी गोष्ट कुणी मुद्दाम घडवून आणली की 'निघण्या'चं 'काढणं' होतं. आता आजाराकडे या. अंगावर गोवर निघतो, तशा देवी निघतात. म्हणून 'देवी काढणे' म्हणजे देवीचा फोड मुद्दाम उठवणे. 'टोचणे' सुईकडे बघतं, 'काढणे' पुढे आठवड्याभराने दंडावर उठणाऱ्या फोडाकडे. आणि त्या काळी सगळं महत्त्व फोडालाच होतं. तो उठला नाही तर लस लागू झाली नाही असं समजून पुन्हा टोचत.

माझ्या आईच्या दंडावर असे दोन वण आहेत. जुन्या नाण्याएवढे गोल, मधली कातडी पातळ आणि चकचकीत. बोट फिरवलं की कडा हाताला लागते. बारीक दात्यांची चकती दंडावर दाबून फिरवायचे, त्याची ही खूण. (१९८० नंतर जन्मलेले पुष्कळजण आपल्या दंडावरच्या वणाला 'देवीचा' म्हणतात. तो बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा असतो.)

'काढणे' या क्रियापदामागे मला आणखीही काही दिसतं. हा माझा तर्क आहे, पण पटतो म्हणून लिहितो. माणसाच्या आत काहीतरी दडलेलं असतं आणि ते एकदा बाहेर पडावंच लागतं, ही कल्पना फार जुनी आहे आणि दूरवर पसरलेली होती. हजारेक वर्षांपूर्वी अल-राझी या वैद्याने लिहिलं की मुलाचं रक्त द्राक्षाच्या ताज्या रसासारखं असतं, ते आंबून फसफसतं आणि देवी येतात. त्यामुळे आजार एकदाच का होतो याचंही उत्तर मिळायचं. पुढे युरोपातही प्रत्येकाच्या अंगात देवीचं बीज जन्मतःच असतं, असं मानणारे डॉक्टर होते. मग ते बीज आपल्या सोयीने, मूल धडधाकट असताना काढून टाकलेलं बरं.

ही उपपत्ती साफ चूक होती. आत बीजबीज काही नव्हतं. विषाणू बाहेरून, बहुधा श्वासावाटे येत असे. पण मुद्दाम देवी आणण्याचा उपाय चालला. बंगालमधली पद्धत हॉलवेल या इंग्रजाने १७६७ साली लिहून ठेवली आहे. दंडावर बारीक जखमा करायच्या आणि त्यावर आदल्या वर्षीच्या फोडांतला पू लावलेला कापूस गंगाजलाने ओला करून बांधायचा. ताजा पू वापरायचा नाही. नंतर अंगावर थंड पाणी ओतायचं. या आजाराची देवता शीतलादेवी, म्हणून सगळं थंड. आज आपल्याला कळतं ते असं की विषाणू फुफ्फुसाऐवजी कातडीतून शिरला की त्याचा जोर कमी राहतो आणि तेवढ्यात शरीर सावध होतं. आपोआप आलेल्या देवीत शंभरातली वीस ते तीस माणसं जात, टोचून काढलेल्या देवीत एक-दोन. धोका उरायचाच, शिवाय त्या माणसाकडून इतरांना खरी देवी लागू शकायची; पण आकड्यांतला फरक बघा. ज्यांनी हे शोधलं त्यांना केवळ अंधश्रद्ध म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. कारण चुकलं असेल, निरीक्षण चोख होतं.

एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरने १७९६ मध्ये गाईच्या देवीतला द्रव वापरला आणि धोका खूपच घटला. विषाणू काय असतो हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तो द्रव बगदाद, बसरा असा दंडादंडांवरून मुंबईत पोहोचला आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचला. तिच्या फोडातून पुढच्या मुलांना. म्हणजे एका दंडावर फोड 'काढला' तरच पुढच्याला लस मिळणार!

इथेच 'लस' हा शब्दही उलगडतो. जखमेतून पाझरणारा चिकट, पातळ द्रव म्हणजे लस. 'जखमेतून लस येतेय' असं आपण आजही म्हणतो. फोडातली तीच लस दुसऱ्याला टोचायची, म्हणून पदार्थाचं नाव लस. हिंदी-बंगालीने अंगावरच्या खुणेकडे बघून 'टीका' म्हटलं, आपण द्रवाकडे बघितलं. पोलिओचे थेंब तोंडात टाकतात, तरी ती लसच.

'काढणे' मात्र इतर लशींना लागलं नाही. करोनाची लस 'घेतली' किंवा 'टोचली', 'काढली' कुणी म्हणालं नाही. मे १९८० मध्ये देवीचं जगातून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं आणि देवी काढणंही संपलं. म्हणून वहीतलं वाक्य आहे तसंच छापा. नातवंडांना अडेल असं वाटलं तर खाली एक ओळीची टीप द्या.