वाचकांचे प्रश्न : तांब्याची नळी वाकवताना चपटी का होते?

प्रश्न : आयटीआयचा फ्रीज व एसी दुरुस्तीचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी सहा महिन्यांपूर्वी काम सुरू केले. स्प्लिट एसीची चार सुती तांब्याची नळी लिव्हर बेंडरने (नळी वाकवण्याच्या दोन दांड्यांच्या हत्याराने) काटकोनात वाकवताना बाकाच्या जागी कधी कधी चपटी होते. मापही चुकते, भुजा ३० आणि ४० सेंटिमीटरच्या हव्यात म्हणून ७० सेंटिमीटर नळी कापली, तर पहिली भुजा बरोबर येते आणि दुसरी दीडेक सेंटिमीटर जास्त भरते. चपटी झालेली नळी पक्कडीने दाबून गोल केली तर चालेल का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण हातभर नळी वाचवण्याच्या नादात खरे नुकसान तिथेच होते. चपटी झालेली नळी गोल करून बसवू नये. तेवढा भाग कापून टाकावा. तांबे वाकवले, ठोकले किंवा दाबले की कडक होत जाते. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यावर मठारकाम (हातोडीने ठोकण्याचे काम) करतात तेव्हा त्या ठोक्यांनी पत्रा कणखर होतो, तो याच गुणामुळे. भांड्याला तो कणखरपणा उपकारक असतो, पण नळीला पुन्हा आकार द्यायचा असेल तर तोच गुण आड येतो. एकदा चुणी पडलेल्या जागी पक्कडीचा दाब आला की तिथले तांबे आणखी कडक होते आणि पुढे कॉम्प्रेसरच्या कंपनांनी त्याच रेषेवर तडा जाऊन गॅस गळू लागतो. लाल होईपर्यंत तापवून तांबे पुन्हा मऊ करता येते हे खरे. परंतु तसे तापवल्यास नळीच्या आत काळी खपली धरते आणि ती सुटून गाळणीत किंवा कॅपिलरीत (गॅसच्या अगदी बारीक नळीत) अडकण्याची भीती राहते. म्हणून एसीच्या नळीसाठी तो मार्ग मी सुचवणार नाही.

आता नळी चपटी का होते ते पाहू. चार सूत म्हणजे अर्धा इंच, अर्थात १२.७ मिलिमीटर. आपल्या बेंडरच्या बाकाची त्रिज्या नळीच्या मध्यरेषेपाशी ३८ मिलिमीटर असेल, तर वाकताना बाहेरची बाजू जवळजवळ १७ टक्के ताणली जाते आणि आतली बाजू तितकीच आखडते. ताणलेली भिंत आत बसू पाहते, आखडलेली भिंत चुण्या घेऊ पाहते. या दोन्हींना रोखून धरण्याचे काम बेंडरची खोबण करते, आणि ते तिला जमण्यासाठी नळी खोबणीत घट्ट बसलेली असावी लागते. पाच सुती खोबणीत चार सुती नळी घातली तर बाजूंना मोकळी जागा राहते आणि नळी तिथे फुगून चपटी होते. त्यामुळे बेंडरवर कोरलेले माप वाचल्याखेरीज नळी त्यात घालू नये. खोबणीत बर (कापलेल्या धातूची खरखरीत कड) किंवा धातूचा कीस अडकला आहे का, हेही बोट फिरवून पाहावे. नळीवर उठणारे ओरखडे बहुधा त्याचेच असतात.

दुसरे कारण घाईचे आहे. नळी आकडीत अडकवून दोन्ही दांड्यांवरच्या शून्याच्या खुणा समोरासमोर आणाव्यात आणि मग एकाच संथ ओढीने, मध्ये न थांबता, दांडी ९० च्या खुणेपर्यंत न्यावी. झटक्याने ओढल्यास आतल्या बाजूला बारीक लाटा उठतात. हात सोडताच नळी अंश-दोन अंश मागे फिरते, म्हणून खुणेच्या किंचित पुढे जावे. नेमके किती, ते त्याच गुंडाळीतल्या उरलेल्या तुकड्यावर आधी करून पाहावे. गुंडाळी सोडतानाही नळीचे टोक सपाट जमिनीवर दाबून धरावे आणि गुंडाळी पुढे लोळवत न्यावी. नळी ओढून काढली आणि मग हातांनी इकडेतिकडे वाकवून सरळ केली, तर ती बेंडरमध्ये जाण्याआधीच कडक झालेली असते.

बाक झाल्यावर त्याच्या बाहेरच्या अंगावरून अंगठा फिरवावा. सपाटपणा अंगठ्याला लगेच जाणवतो. शंका वाटली तर व्हर्निअर लावावा, १२.७ ऐवजी माप ११.७ मिलिमीटरच्या खाली आले असेल तर मी स्वतः ती नळी वापरत नाही.

मापाची चूक आपल्या हाताची नाही, हिशेबाची आहे. आपण दोन्ही भुजा कोपऱ्यापर्यंत मोजता, पण नळी कोपऱ्यापर्यंत जातच नाही, ती कोपरा गोलाईने कापून वळते. काटकोनात ही बचत त्रिज्येच्या ०.४३ पट असते. ३८ मिलिमीटर त्रिज्येला ती सुमारे १६ मिलिमीटर होते, आणि आपली दुसरी भुजा जास्त भरते ती एवढीच. म्हणजे एका बाकासाठी ७०० ऐवजी ६८४ मिलिमीटर नळी पुरते. दोन बाक असतील तर ही वजावट दोनदा करावी. मात्र पहिले काही दिवस नळी थोडी जास्तच कापावी आणि वाकवून झाल्यावर कटरने बरोबर करावी, असे मी सांगेन. बेंडरवरील ‘एल’ आणि ‘आर’ या अक्षरांचाही विसर पडू देऊ नये : बेंडरमध्ये नळी बसवल्यावर मोजलेले टोक डावीकडे असेल तर नळीवरची खूण ‘एल’शी जुळवावी, उजवीकडे असेल तर ‘आर’शी.

प्रश्न : लिव्हर बेंडर परवडत नाही म्हणून मी नळी वाकवण्याची स्प्रिंग वापरतो, पण नळी वाकवल्यावर स्प्रिंग निघत नाही. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नळी हव्या त्या कोनाच्या थोडी पुढे वाकवून मग तेवढीच मागे आणावी, म्हणजे स्प्रिंगची पकड सैल होते, त्यानंतर स्प्रिंग पिळत पिळत काढावी, सरळ ओढू नये, कारण ओढल्यास तिचे वेढे लांबतात आणि पुढच्या वेळी त्या फटींतून नळी चपटी होते. बाहेरून बसणारी स्प्रिंग टोकाकडूनच घालावी-काढावी लागत असल्याने नळीला फ्लेअर करण्याआधीच (नटात बसवण्यासाठी टोक फुलवण्याआधीच) सर्व बाक पुरे करून घ्यावेत, आणि फ्लेअर करताना नट आधी नळीत सरकवला आहे ना, याची खात्री करावी.