आधी दुसऱ्याला हशा घेऊ दे

प्रिय मित्रा,

नट, लेखक, दिग्दर्शक, तिन्ही मीच होणार असं तू लिहिलंयस. हो की. रीळपुरतं ते तुला जमतंयही, मी पाहिलं. पण त्याच पत्रात दादा कोंडक्यांना तू ‘डबल मीनिंगवाले’ म्हणून एका ओळीत उरकलंस, म्हणून हे लांबण.

त्यांच्या कामाचा क्रम बघ. नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीतला मुलगा सेवा दलाच्या कलापथकातून लोकनाट्यात आला. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याचे त्यांनी हजाराच्या वर प्रयोग केले. मग दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी ‘तांबडी माती’ या चित्रपटात (१९६९) घेतलं. १९७१ साली ‘सोंगाड्या’ काढला तो स्वतः निर्माता होऊन. पैसा आपला, नायक आपण. दिग्दर्शक म्हणूनही स्वतःचं नाव लावलं असतं तर कोण अडवणार होतं? तरी लेखन सबनिसांचं आणि दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं. दिग्दर्शनाची सूत्रं हातात घेतली ती १९७५च्या ‘पांडू हवालदार’ला.

हजार प्रयोगांत काय मिळतं, ते नीट सांगतो. लोकनाट्यात बतावणीला, म्हणजे नटांच्या विनोदी सवाल-जवाबाला, लेखकाचा सांगाडा असतो, मांस नटाने भरायचं. सकाळच्या पेपरातली बातमी रात्री तोंडात यायला हवी. गिरणगावात फुटलेला हशा सदाशिव पेठेत फुटेलच असं नाही. हशा चढत असताना पुढचं वाक्य टाकलं तर ते बुडतं आणि पूर्ण ओसरू दिला तर प्रयोग थंड पडतो. ओसरायला लागतो तिथेच घ्यायचं. सिनेमाच्या सेटवर तर कोणी हसतच नाही. लाइटवाले जांभया देत असतात. तिथे न आलेल्या हशाला जागा सोडायची, तर तो आधी कानात मुरलेला हवा. एडिटिंगच्या टेबलावर बसून हे शिकता येतं असं काही जण म्हणतात. मला पटत नाही.

द्व्यर्थाचं म्हणशील, तर ‘सोंगाड्या’तला नाम्या बघ. भोळा, लोंबती नाडी, आयेच्या धाकातला. आपण काय बोललो ते त्याला कळतच नाही. चावटपणा प्रेक्षकाच्या डोक्यात होतो आणि प्रेक्षक स्वतःलाच हसतो. पात्राला कळलं की संपलं. पुढे दादांच्या हिंदी चित्रपटांत नावांपासूनच डोळा मारणं सुरू झालं, ते मला फिकं वाटतं. तू मात्र तुझ्या स्क्रिप्टमध्ये दर पानावर डोळा मारतोयस, आणि वर बॅकग्राउंडला हशाही लावतोस!

आता दिग्दर्शनाचं. मुख्य नटच दिग्दर्शक झाला की पहिला मोह होतो तो दुसऱ्याचा पंच कापण्याचा. ‘पांडू हवालदार’मध्ये दादांच्या शेजारी अशोक सराफ उभे आहेत, सखाराम हवालदार. तेव्हा ते बँकेत नोकरी करत होते. त्या पिक्चरनं त्यांना घराघरांत पोचवलं, आणि ‘राम राम गंगाराम’मध्ये (१९७७) दादांनी त्यांना पुन्हा घेतलं. आपल्याच चौकटीत इतक्या तयारीच्या नटाला मोकळं सोडायला छाती लागते. तुझ्या पाचही रीळांत दुसरा माणूस फक्त ‘काय?’ विचारायला येतो.

तेव्हा पुढची एकांकिका तू लिही, पण भूमिका घेऊ नकोस. तुझ्यापेक्षा टायमिंग चांगलं असलेला मित्र शोध (तुमच्या ग्रुपमध्ये तो आहे, तुला माहीत आहे) आणि हशाची वाक्यं त्याला दे. तालमीला कोपऱ्यात बस, मोबाईल बंद ठेवून. प्रयोगानंतर संहिता मला पाठव. कुठे हसले आणि कुठे हसायला हवे होते पण हसले नाहीत, एवढंच समासात लिही. तुझा खुलासा नको.

तुझा,
काका