दोन मुलांना ज्यू डे स्कूलमध्ये घालायचं तर घराचा हिशोब कसा बसवायचा?

तुम्ही लिहिलंय, ठाण्याहून न्यू जर्सीत येऊन तीन वर्षं झाली, थोरली यंदा किंडरगार्टनला जाईल, धाकटा दोन वर्षांनी. डे स्कूलमध्ये, म्हणजे नेहमीच्या विषयांसोबत ज्यू धर्म आणि हिब्रू शिकवणाऱ्या खासगी शाळेत, घातलं तर घर घेणं लांबणार, नाही घातलं तर मुलांना आपलं काही कळेल का, ही धास्ती. मीही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, मूळचा अलिबागकडचा. हा हिशोब आमच्या घरी आठ वर्षं चालला आणि शेवटी अर्ध्यावर मोडला.

एका वर्षाची फी बघून ठरवू नका, चूक तिथेच होते. आमच्या भागात प्राथमिकची फी मुलामागे वर्षाला 20 हजार डॉलरच्या आसपास आणि हायस्कूलची 30 हजारांच्या वर. किंडरगार्टन ते आठवी नऊ वर्षांचे 1 लाख 80 हजार, पुढच्या चार वर्षांचे 1 लाख 20 हजार. म्हणजे एका मुलाचे 3 लाख, दोघांचे 6 लाख, आणि तेही फी अजिबात वाढली नाही असं धरून. हे सगळं कर भरून हातात उरलेल्या पैशातून. कॅलिफोर्नियातल्या एका ज्यू जोडप्याने धार्मिक शिक्षणाची फी करातून वजा मागत कोर्टात लढून पाहिलं. 2008 साली अपिलातही हरले. शिवाय घर घेतलंत की वर्षाला सरासरी 10 हजारांच्या आसपास प्रॉपर्टी टॅक्स, ज्यातला मोठा वाटा तुमची मुलं जाणारच नाहीत त्या सरकारी शाळेला. आजी-आजोबांना नातवंडांसाठी काही द्यायचं असेल तर 529 खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, टाकायला सांगा. 2018 पासून त्यातून शाळेची फीही भरता येते.

आता फीतली सवलत. अर्ज करायला लाजू नका. मी पहिल्या वर्षी लाजलो आणि क्रेडिट कार्डावर फी भरली, तो मूर्खपणा होता. पूर्ण फी न भरणारी कुटुंबं प्रत्येक शाळेत असतात. फॉर्म मात्र अंगावर येतो: पगार, गाडी कुठल्या सालची, सुट्टीत कुठे गेलात. आमच्या भारताच्या तिकिटांवरही प्रश्न आला. ठाण्याला आईवडिलांना दरमहा पैसे पाठवतो, त्याला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. मी वेगळं पत्र जोडलं, बँकेच्या नोंदी लावल्या, आणि शाळेच्या समितीने ते धरलं. तुम्हीही जोडा. इथल्या लोकांना म्हातारे आईवडील म्हणजे खर्चाची बाब असते हे आपणहून सुचत नाही.

कोणीतरी तुम्हाला तालमूद हा आपला जुना धर्मग्रंथ ऐकवेलच: माणसाची वर्षाची कमाई रोश हाशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, ठरते, पण शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), सण आणि मुलांचं तोरा म्हणजे धर्मशास्त्राचं शिक्षण यांचा खर्च त्या हिशोबाबाहेर. वचन सुंदर आहे. बँकेने आमच्याकडून ते मान्य केलं नाही.

शाळेने दिलं ते खरंच दिलं. थोरली दुसरीतच सिद्दूर, म्हणजे हिब्रू प्रार्थनेचं पुस्तक, घडाघडा वाचायला लागली. मला चाळिशीतही बोट ठेवून वाचावं लागतं. पण तो धर्म अश्केनाझींच्या, म्हणजे युरोपातून आलेल्या ज्यूंच्या, वळणाचा. पेसाहच्या सणाला ती घरी येऊन म्हणाली, "बाबा, आपण भात खातो? चालत नाही!" तिला बसवून सांगावं लागलं की त्यांच्यात चालत नाही, आपल्यात चालतो. एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने आपण करतो तो मलिदा म्हणजे काय, हे तिच्या बाईंना माहीतच नव्हतं. तो घरीच करावा लागतो, आणि त्याला पोहे, गूळ, नारळ, वेलची आणि फळं एवढंच लागतं.

आजोबा माझगावच्या सर एली कदूरी शाळेत शिकले. आपल्याच लोकांनी, हाईम शमुएल केहिमकरांनी, 1875 साली सुरू केलेली ती शाळा. तिथे ज्यू असणं आणि मराठी असणं एकाच बाकावर बसत होतं. इथे ती सोय कुठल्याच फीमध्ये नाही.

आम्ही थोरलीला पाचवीपर्यंत ठेवलं, धाकट्याला दुसरीपर्यंत. मग दोघं सरकारी शाळेत, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी घरी हिब्रूचे शिक्षक. धर्म शाळेने शिकवायला नको, भाषा पुरे असं वाटत असेल तर ईस्ट ब्रन्सविकची हातिक्वा चार्टर शाळा पाहा. 2010 पासून हिब्रू शिकवते, सरकारी असल्याने फी नाही. तुमच्या जागी मी असतो तर किंडरगार्टनपासून नव्हे, दुसरी-तिसरीपासून घातलं असतं आणि आधीच्या वर्षांचे पैसे घराच्या डाउन पेमेंटला ठेवले असते. मात्र तेव्हा जागा मिळेल का आणि हिब्रूत मागे पडलेल्या मुलाला वेगळी शिकवणी देतात का, हे शाळेला आत्ताच विचारून ठेवा.

थोरलीला शाळा सोडल्याचं फारसं काही वाटलं नाही. धाकटा अजून विचारतो, ताईला पाचवीपर्यंत आणि मला दुसरीपर्यंतच का. मी त्याला फीचा कागद दाखवला. त्याने तो नीट वाचला आणि म्हणाला, मग ताईला आधी काढायचं होतं.