'गुळ' आणि 'गूळ'

"माझे शुद्धलेखन कच्चे आहे, लोक हसतात, म्हणून मी लिहिणेच सोडले," हे वाक्य कोल्हापुरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत मी इतक्या जणांकडून ऐकले आहे, की आता त्यावर लिहायलाच हवे. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून एकाची हकिकत सांगते.

करवीर तालुक्यातले हे गुऱ्हाळवाले आपल्या गुळाविषयी फेसबुकवर लिहीत असत. एकदा कोणीतरी खाली लिहिले, "ज्याला 'गूळ' लिहिता येत नाही, तो शुद्ध गूळ काय देणार?" त्यानंतर त्यांनी एक अक्षर लिहिले नाही. "नापास झाल्यागत वाटतंय, मॅडम," ते म्हणाले.

पहिल्या भेटी धीर देण्यात गेल्या आणि, खरे सांगायचे तर, फुकट गेल्या. मग मी सहज विचारले, "बँकेच्या नावाने येणारे खोटे निरोप तुम्ही कसे ओळखता?"

"'खाते बंद होनार' असं लिवलेलं असतंय. बँक असं लिवती व्हय?"

बोलता बोलता ते थांबले. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडू नये, एवढे मी अनुभवाने शिकले आहे.

"म्हंजे त्यो हसला असंल, पन आधी त्याला संशय आला. मी बँकेवर घेतला तसाच."

माझा विश्वास विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर आहे. कृतीचे मोजमाप करावे, माणसाचे करू नये, असे ती सांगते. समोरच्या गिऱ्हाइकाला आपण ढेपेचा तुकडा चाखायला देतो, परंतु न भेटलेल्या वाचकाच्या हाती केवळ आपली अक्षरे असतात आणि त्यांवरूनच तो आपल्या काळजीपूर्वकपणाचा अंदाज बांधतो. तो अंदाज चुकीचा ठरू शकतो, पण तो बांधणे हा काही त्याचा गुन्हा नव्हे.

शिवाय त्यांच्या चुकीला कारण होते. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनुसार अकारान्त (शेवटी 'अ' असलेल्या) मराठी शब्दातले उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचे, इकार-उकार दीर्घ असतात आणि विभक्तिप्रत्यय लागताना ऱ्हस्व होतात: गूळ-गुळाला, ऊस-उसाला, दूध-दुधाला. 'गुण', 'सुख' अशा तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांना हे लागू नाही. दिवसभर 'गुळाचा', 'गुळाला' लिहिणाऱ्याच्या हातून 'गुळ' उतरला, यात अडाणीपणा कसला?

अशांना मी सांगते, की आपण नेहमी चुकतो असे दहाच शब्द वहीत लिहून ठेवा, भाव आणि तारीख सर्वांत आधी तपासा, मजकूर रात्रभर ठेवून सकाळी मोठ्याने वाचा आणि चूक कोणी दाखवली तर आभार मानून दुरुस्त करा. बोलीत लिहायचे असेल तर खुशाल लिहा. 'न्हाई' ही चूक नव्हे.

शेवटच्या भेटीत त्यांनी खोक्यावरच्या नव्या लेबलाचा नमुना आणला होता. 'गूळ' ठसठशीत दीर्घ होता आणि त्याखाली 'किमंत' असे होते. मी काही बोलण्याआधीच त्यांनी खिशातले पेन काढून अनुस्वार 'क'च्या बाजूला ओढला. "अजून छापाय दिलेलं न्हाई," ते हसत म्हणाले.