'तोय-तेय' ऐकलं की आयएनजी लावू नका

इंग्रजीतल्या चालू वर्तमानकाळावर, म्हणजे क्रियापदाला आयएनजी कधी लावायचं यावर, याही महिन्यात तीच पत्रं आली. म्हणून पुन्हा सांगते.

'राइट'ला आयएनजी लावताना शेवटचा ई ठेवायचा का? (विद्यार्थिनी, बाळे)

नाही.

'हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सुटते' यात 'लीव्ह्ज' की 'इज लीव्हिंग'? (वाचक, होटगी रोड)

गाडीचं वेळापत्रक सांगताय, म्हणून 'लीव्ह्ज'. 'मी उद्या हुतात्माने पुण्याला जातोय' हा मात्र तुमचा ठरलेला बेत, तिथे 'आय ॲम गोइंग'.

मुलीच्या क्लासमध्ये सूत्र दिलंय: तोय-तेय आलं की आयएनजी, लाय-लीय आलं की हॅज आणि तिसरं रूप. 'दादा झोपलाय' याचं तिने 'ही हॅज स्लेप्ट' केलं. शाळेत चूक दिली. क्लासवाले म्हणतात, सूत्र बरोबर आहे. (पालक, जुळे सोलापूर)

शाळा बरोबर आहे. दादा या क्षणी झोपेत आहे ना? मग 'ही इज स्लीपिंग'. आजी कट्ट्यावर बसलीय: 'इज सिटिंग'. काकू इरकल नेसलीय: 'इज वेअरिंग'. बसणं, झोपणं, उभं राहणं, अंगावर कपडे असणं, हे आपण मराठीत झालेल्या क्रियेच्या रूपात सांगतो. इंग्रजी ते चालू धरते. उलट बाजूही बघा. 'मला कळतंय' यात 'तंय' आहे, तरी इंग्रजीत 'आय अंडरस्टँड'च. 'हा गाळा माझ्या मालकीचा आहे' यातल्या 'बिलाँग'लाही आयएनजी लागत नाही. समजणं, माहीत असणं, मालकी असणं ही कामं नव्हेत, स्थिती आहेत.

'तो जेवलाय'ला 'हॅज ईटन' बरोबर येतं, म्हणून अशी सूत्रं खरी वाटतात आणि '30 दिवसांत फाडफाड इंग्रजी'च्या पाटीखाली खपतात. पैसे भरून पोरं चूक पाठ करतात, याचा मला मनापासून राग येतो. मुलीला शेवटचं अक्षर बघायला लावू नका. आत्ता काय चाललंय, हे विचारायला शिकवा. आणि वही घेऊन शाळेतल्या बाईंना भेटा. नेमकी कुठली क्रियापदं चुकतात, ते त्या वही बघून सांगतील.

आमच्या टॉवेलच्या कारखान्यातून 'वुई आर हॅविंग 500 पीसेस इन स्टॉक' असा मेल जातो. साहेब म्हणतात, आयएनजीने भाषा नम्र होते. (लिपिक, अक्कलकोट रोड)

ऐकीव गोष्ट आहे. 'वुई आर होपिंग'मध्ये थोडी नरमाई येते, हे खरं. पण माल शिल्लक असण्यात नम्रतेचा प्रश्नच नाही. 'वुई हॅव' लिहा. 'हॅविंग लंच' चालतं, कारण तिथे अर्थ जेवण्याचा आहे. दर आणि मुदत लिहिलेला मेल असेल, तर पाठवण्याआधी जाणकाराच्या नजरेखालून घालाच.

पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे. 'आय ॲम लिव्हिंग इन सोलापूर सिन्स 2015' पाठ केलंय. चालेल? (पदवीधर, विजापूर रोड)

नाही. 2015पासून आजपर्यंत म्हणायचंय, तर 'आय हॅव बीन लिव्हिंग'. पाठ करण्याआधी विचारलं असतं तर बरं झालं असतं. जिभेवर बसलेली चूक लवकर निघत नाही. आजच कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांना गाठा आणि स्वतःची ओळख त्यांच्यासमोर बोलून दाखवा. कागद घरी ठेवून जा.