विषयवार वेळापत्रक न मोडता शाळेत आंतरविद्याशाखीय अध्यापन कसे करावे?

वेळापत्रक मोडण्याची गरज नाही. मात्र एकाच विषयाच्या तासात सुटणार नाही असा प्रश्न निवडावा लागतो. सांगलीच्या शाळेसाठी तो समोरच आहे : आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट असताना 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या आसपास कसे पोचले?

गणिताच्या तासाला रोजच्या पातळीचा आलेख काढता येतो आणि एक टीएमसी (एक अब्ज घनफूट पाणी) म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर, हे हिशेबाने पडताळता येते. भूगोलात कोयनेचे पाणलोट क्षेत्र, नदीची वळणे आणि हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम येतो. तर नागरिकशास्त्रात कर्नाटकाशी असलेला पाणीवाटपाचा प्रश्न आणि अलमट्टी धरणावरून होणारा वाद दोन्ही बाजूंनी मांडता येतो. मराठीच्या तासाला पूर पाहिलेल्या आजी-आजोबांच्या मुलाखती लिहून घ्याव्यात. (2005 चा पूर आठवणारी माणसे घरोघरी आहेत.)

बहुतेक उपक्रम फसतात ते येथे : चार शिक्षक एकाच शीर्षकाखाली चार स्वतंत्र धडे शिकवतात. म्हणून सर्व शिक्षकांनी आधी एकत्र बसून एकच अंतिम काम ठरवावे, उदाहरणार्थ आपल्या प्रभागाचा पूर-नकाशा, आणि त्याचे गुणांकनही एकत्रच करावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने बहुविद्याशाखीय शिक्षणावर भर दिल्यामुळे महाविद्यालयांत श्रेयांकांची (क्रेडिटची) सोय झाली आहे. शाळेत मात्र मुख्याध्यापकांनी आठवड्यातील एक जोडतास दिला, तरी सुरुवात होते.